जुनी पद्मिनी घ्यायची? आधी किलोमीटरचा हिशोब मांडा

या आठवड्याच्या व्हिडिओत जुन्या गाडीच्या खर्चाचा हिशोब मी फार घाईत सांगितला. तोच इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

विषय निघाला तो असा. हलकर्णीकडचा एक मुलगा दुकानात आला. म्हणाला, "सर, १९८८ ची प्रीमियर पद्मिनी ८०,००० ला मिळतेय. लग्नात नवरा-नवरीसाठी भाड्याने द्यायची. एका लग्नाचे ५,००० धरले तर सोळा लग्नांत गाडी फिटली." पैसे कुठले, विचारलं. दोन वर्षं गोव्यात काम करून साठवलेले. म्हटलं, बस. चहा घे आणि माझं ऐक.

माझ्याकडे १९८६ ची पद्मिनी आहे, वडिलांनी घेतलेली. मीटर पाच आकडी. दोनदा शून्यावर आलाय आणि आता ३१ हजार दाखवतो, म्हणजे गाडी २,३१,००० किलोमीटर चाललीय. (म्हणून सांगतो, अशा गाडीचा मीटर बघून भाव ठरवू नका. पेडलचं झिजलेलं रबर आणि स्टिअरिंगचा प्ले बघा, ते खोटं बोलत नाहीत.)

ही गाडी आपल्या महाराष्ट्राचीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियटच्या गाड्या बनू लागल्या, त्यांचीच पुढे पद्मिनी झाली. १०८९ सी.सी.चं इंजिन, कार्ब्युरेटर, गिअर स्टिअरिंगखाली. मुंबईत काळी-पिवळी म्हणून हिने किती पिढ्या पोसल्या! तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आर.टी.ओ.त नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. रोज दिवसभर धंदा करून गाडी वीस वर्षं टिकते, म्हणजे मशीन कच्चं नाही. कच्ची असते ती मालकाची देखभाल.

माझीच गोष्ट सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका लग्नाला मी गाडी दिली, २,५०० रुपये घेऊन. वरात तिलारी घाट उतरून खाली जायची होती. चालवायला मीच. अर्ध्या घाटात ब्रेकचा पेडल थेट तळाला गेला. मागे नवरा-नवरी. दुसऱ्या गिअरला टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला गटारीत चाक घालून थांबवली. कुणाला लागलं नाही. अर्ध्या तासाने पेडल आपोआप पुन्हा घट्ट! मिस्त्रीने कारण सांगितलं ते असं: ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. मी चार वर्षं ते बदललं नव्हतं, त्यात आमच्या चंदगडचा पाऊस. उतारावर ब्रेक तापले, त्या पाण्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. ऑइलचा खर्च तेव्हा तीनशे-चारशे रुपये. आता मी दर दोन वर्षांनी बदलतो, काही झालेलं नसलं तरी.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली आणि रात्रभर झोप आली नाही. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली की परमिट नसल्याचा गुन्हा तर होतोच, शिवाय खाजगी विमा भाड्याच्या वापराला लागू नसतो. त्या दिवशी कुणाला काही झालं असतं तर भरपाई आमच्या घरावर आली असती. मग "व्हिंटेज म्हणून नोंदवू का सर?" पहिल्या नोंदणीला ५० वर्षं व्हायला हवीत. १९८८ ची त्यात बसत नाही, आणि बसली तरी व्हिंटेज नंबरवर धंदा करता येत नाही. एवढ्या जुन्या गाडीला टॅक्सीचं परमिट मिळेल असं धरून तर एक रुपयाही गुंतवू नका.

आता हिशोब. माझी गाडी वर्षाला ४,००० किलोमीटर चालते. थर्ड पार्टी विमा ४,०००. नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांचं असतं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला त्याची फी १०,०००, म्हणजे वर्षाला २,०००. इंजिन ऑइल, फिल्टर, ग्रीस ४,५००. पॉइंट, प्लग, पेट्रोलचे पाइप, कार्ब्युरेटरचं किट ३,५००. हे पाइप टाळू नका, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर पुढचं सांगायला नको. ब्रेकचे शू आणि सिलिंडर ६,०००. पत्रा, गंज, रंग १२,०००. कोरड्या भागातल्या माणसाला हे कमी लागेल, आपल्याकडे नाही.

झाले ३२,०००. इथेच सगळे थांबतात. इंजिनचं मोठं काम आज ना उद्या येणारच. ६०,००० धरा आणि पाच वर्षांत वाटा, वर्षाला १२,०००. एकूण ४४,०००, म्हणजे किलोमीटरला ११ रुपये. लिटरला १२ किलोमीटर पडतात, पेट्रोल १०५ धरलं तर त्याचे पावणेनऊ. किलोमीटरला जवळपास २० रुपये, आणि गाडीची किंमत यात धरलेलीच नाही.

ते १२,००० मी दर महिन्याला हजार-हजार करून वेगळ्या खात्यात टाकतो. मागच्या वर्षी एक बुश बाजारात मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतला. पैसे बाजूला होते म्हणून दोन दिवसांत काम झालं. आधी हा सगळा खर्च मी दुकानाच्या गल्ल्यातून करायचो. बी.बी.ए. करूनसुद्धा! तीन वर्षं दुकानाचा नफा कुठे गळतोय तेच कळत नव्हतं. हौस असावी, पण तिचं पाकीट वेगळं.

अमेरिकेतले विज्ञानाचे शिक्षक इर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ ची व्होल्वो पी १८०० २०१३ पर्यंत ३० लाख मैल चालवली, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. त्यांची पद्धत अगदी साधी: कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेव्हा ऑइल बदलायचं, आवाज आला की बघायचं. मीही डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही ठेवलीय. तारीख, मीटर, काय बदललं, किती रुपये. या लेखातले आकडे त्याच वहीतले.

मुलाने सगळं लिहून घेतलं. भाड्याचा विचार सोडला, पण गाडी मनातून जाईना. म्हटलं, मग हौस म्हणून बघ, पण आधी आर.सी. मागून घे. परवा त्याचा फोन आला. आर.सी. विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर आहे, वडील २०११ ला वारले, आणि घरात तीन भाऊ. तिघांची संमती आणि नाव ट्रान्सफर झाल्याशिवाय एक रुपयाही टोकन देऊ नको म्हणून सांगितलंय.