पुरुष गेले कुठे?

समाजशास्त्राच्या वर्गात २०११च्या जनगणनेचे तक्ते हातात आले, तेव्हा सगळ्यांचं बोट एकाच रकान्यावर थांबलं. रत्नागिरी जिल्हा, दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. महाराष्ट्राचा आकडा ९२९. कोकणात बाईला मान आहे, असा निष्कर्ष तास संपायच्या आत निघालासुद्धा. सरांनी एवढंच विचारलं, "पुरुष गेले कुठे?"

उत्तर आमच्या घराघरांत होतं. कुणाचे काका लालबागला, कुणाचा भाऊ विरारला. गिरण्या बंद पडल्या, तरी मुंबईची वाट सुटली नाही. फेब्रुवारीत मोजणी झाली, तेव्हा हे चाकरमानी जिथे राहत होते तिथल्या खात्यात गेले. मग सरांनी शून्य ते सहा वर्षांचा रकाना दाखवला: ९३६. या वयात नोकरीसाठी कुणी गाव सोडत नाही. वर्ग लगेच दुसऱ्या टोकाला गेला, हजारात चौसष्ट मुली कमी! पण निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात. हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली. तुलना करायची ती त्याच्याशी. म्हणजे राज्याच्या ८९४ पेक्षा रत्नागिरी बरी, पण निर्धास्त राहावं अशीही नाही. १,१२२ वरच थांबलो असतो, तर लहान मुलींकडे कुणी पाहिलंच नसतं. मला भीती वाटते ती याची.

कला शाखेतल्या मुलामुलींना म्हणून कळकळीने सांगते, सूत्रांच्या धास्तीने संख्याशास्त्राचा पेपर टाळू नका. प्रमाण विचलन कॅल्क्युलेटरही काढून देतो. कुणाला मोजलं, कधी मोजलं, हे विचारायला गाव ठाऊक असावं लागतं, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. गणपतीत भरून घेतलेली प्रश्नावली आणि लावणीच्या दिवसांत भरलेली, यांत एकाच वाडीतली माणसं वेगळी दिसतील. वाडीत एखादा मोठा हापूस बागायतदार असला की उत्पन्नाची सरासरी फुगते; तिथे मध्यकही काढा. आणि मुंबईहून पैसे पाठवणारा मुलगा त्या घरातला धरायचा की नाही, हे फॉर्म छापण्याआधी ठरवा. नाहीतर फॉर्म भरणारा प्रत्येक जण ते आपापल्या समजुतीने ठरवतो, आणि ती गल्लत पुढे निस्तरता येत नाही.