वाद मुद्द्यावर राहू द्या

नववीच्या भूगोलाच्या तासाला गटचर्चेसाठी विषय दिला होता : 'दुष्काळी भागात ऊस लावावा का?' शाळा मराठवाड्यातली. वर्गात कालव्यालगतच्या बागायतदारांची मुलं होती, तशी दरवर्षी आईबाप ऊसतोडीला जाणारीही. ठिबक, पाण्याची पाळी, असं थोडा वेळ नीट चाललं. मग एकजण म्हणाला, "तुझ्या बापानं कालव्यात मोटर टाकलीय, ते सांग की!" दुसरा उसळला, "आमच्याच फडात राबता ना तुम्ही?" बाक सरकला, वही फाटली. मी दोघांना पुढं बोलावून एकमेकांना सॉरी म्हणायला लावलं. शाळा सुटल्यावर सायकल स्टँडवर एकाचा ओठ फुटला.

वर्गासमोर वदवून घेतलेल्या माफीनं भांडण मिटत नाही, फक्त शिक्षकाच्या नजरेआड जातं. म्हणून नव्या शिक्षकांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

गट मुलांना पाडू देऊ नका, नाहीतर वस्तीवस्तीचे गट पडतात. चार-पाच जणांचा मिश्र गट करा. घर, जात, आईबापाचा धंदा चर्चेत ओढायचा नाही, हा नियम सुरू होण्याआधीच फळ्यावर लिहा. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं. तो "हो, हेच म्हणायचंय" म्हणाला की मगच खोडायचं. यानं निम्मा आवाज आपोआप खाली येतो. तरीही पारा चढलाच, तर चर्चा थांबवून सगळ्यांना दोन मिनिटं आपापला मुद्दा वहीत लिहू द्या. भांडलेल्या दोघांशी नंतर वेगवेगळं बोला. वर्गात निवाडा करू नका.

आणखी एक उपाय आहे. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी-काळी मुलं एका वर्गात आली आणि तणाव वाढला. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. आपल्याकडंही हे जमतं. एकाला उसाचं पाणी द्या, दुसऱ्याला कारखान्याचा भाव, तिसऱ्याला तोडणीची मजुरी, चौथ्याला ज्वारी-तूर. ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याच्याकडंच मग वह्या घेऊन मुलं वळतात.

भांडणाच्या धास्तीनं गटचर्चा मात्र बंद करू नका. पाण्यावरून, बांधावरून वाद पुढंही होणारच आहेत. ते मुद्द्याला धरून घालायची सवय शाळेतच लावा.