स्वयंचलित सूक्ष्मदर्शक आणि लहान प्रयोगशाळा

आमच्या शाळेतील सूक्ष्मदर्शक ज्यांनी हाताळला आहे, त्यांस त्याच्या मळसूत्राचा स्वभाव ठाऊकच आहे. किंचित फिरवावे तर चित्र हलत नाही. आणखी किंचित फिरवावे तर ते नाहीसेच होते! आम्हांस हा केवळ त्रास वाटतो. हिवतापाचे निदान करणाऱ्या तंत्रज्ञाचे तसे नाही. रक्ताच्या जाड थरात जंतू नाहीत असे सांगण्यापूर्वी निदान १०० दृश्यक्षेत्रे तपासावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. डोळे थकतात, आणि थकल्या डोळ्यांतून एखादा रोगी निसटतो. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांस डासाच्या पोटात हा जंतू दिसला, तेव्हा त्यांच्या यंत्राचे स्क्रू घामाने गंजले होते व नेत्रभिंग तडकले होते.

काचपट्टी सरकविण्याचे काम यंत्राकडून करून घेता येते. परंतु तशी यंत्रे लहान प्रयोगशाळांस परवडत नाहीत, आणि बिघडली की सुट्या भागावाचून धूळ खात पडतात. यावर केंब्रिज व बाथ येथील संशोधकांनी ‘ओपनफ्लेक्शर’ सूक्ष्मदर्शक रचला. त्याच्या हलत्या बैठकीचे वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झाले. आराखडे सर्वांस विनामूल्य खुले आहेत.

ही बैठक थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकची छापतात. तीत घसरणारा भाग नाही, केवळ वाकणाऱ्या पातळ पट्ट्या आहेत. केरसुणीतील माडाचा हीर वाकवून सोडा, तो पूर्वस्थितीस येतो, तसेच हे. घर्षण नाही, म्हणून ढिलाईही नाही. तरफांच्या योगाने लहान मोटारींची गती इतकी सूक्ष्म होते की बैठक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान टप्प्याने सरकते.

चित्र स्पष्ट करण्याची युक्ती तर आम्हांस फारच आवडली. भिंग व नमुना यांतील अंतर बदलत कॅमेरा भराभर चित्रे घेतो. अस्पष्ट चित्रात तपशील थोडा, म्हणून ते साठविण्यास जागा थोडी लागते. स्पष्ट चित्रास अधिक. ज्या अंतरावर सर्वाधिक जागा लागली, तेथे तळहाताएवढा संगणक परत जातो. चित्रात काय आहे हे त्यास मुळीच कळत नाही!

टांझानियात हे यंत्र स्थानिक कार्यशाळेत बनविले गेले, आणि तेथील इफाकारा आरोग्य संस्थेत हिवतापाच्या काचपट्ट्यांवर त्याचा प्रयोग झाला. मोडलेला भाग तेथेच पुन्हा छापता येतो, हे आम्हांस स्वस्ताईहूनही मोठे वाटते. चित्रे पाहून निर्णय देणारा मात्र जाणकार माणूसच हवा.

भिंग छापता येत नाही. ते विकत घ्यावे लागते. तथापि सामान्य सूक्ष्मदर्शकाचे प्रचलित मापाचे भिंग त्यास चालते. आमच्या कपाटातील जुन्या यंत्राचे भिंग त्यात बसते की नाही, हे दहावीच्या विद्यार्थ्यांसह येत्या जूनमध्ये पाहण्याचा आमचा विचार आहे.