उन्हाळ्यातील कान्हा

जबलपूर जिल्ह्यातील मझौलीहून निघालेला प्रवासी जबलपूरमार्गे नर्मदाकाठच्या मंडला येथे येतो आणि पुढे कान्हा राष्ट्रीय उद्यानात प्रवेश करतो. वैशाखात भोवतालचे शेतशिवार करपलेले असते. सालवन मात्र हिरवे दिसते. कारण सालवृक्षाची जुनी पाने गळत असतानाच नवी पालवी फुटते.

वन्य पशू पाहण्यास हाच काळ अनुकूल होय. ओढे आटतात, गवत खुरटते आणि प्राणी उरलेल्या पाणवठ्यांजवळ एकवटतात. बाण लागण्यापूर्वी श्रावणकुमार जेथे पाणी भरीत होता, असे लोक सांगतात, त्या श्रावणतालाकाठी चितळांचे कळप उतरतात.

आफ्रिकेतील उद्यानांतही कोरड्या ऋतूत असेच दृश्य दिसते. परंतु प्रेक्षकांना सोयीचा हा ऋतू पशूंच्या दृष्टीने कसोटीचा असतो. केनियातील त्साव्हो उद्यानात १९७०-७१ च्या अवर्षणात हजारो हत्ती मरण पावले. पाण्याच्या आसपासचा चारा संपला होता आणि दूरच्या चाऱ्यापर्यंत जाणे माद्यांना व पिलांना शक्य नव्हते.

कान्हात हे संकट निराळ्या रूपाने आले. येथील कठीण भूमीवर राहणारा बाराशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो. त्याची पाडसे पावसाळ्याच्या अखेरीस जन्मतात आणि उंच गवतात दडून राहतात. गुरांची चराई, उन्हाळ्यात वारंवार लावले जाणारे वणवे आणि शिकार यांमुळे हा आसरा व कळप दोन्ही क्षीण झाले. १९७० मध्ये अवघे ६६ बाराशिंगे उरले होते.

त्यानंतर कुंपण घालून काही बाराशिंगे सुरक्षित ठेवण्यात आले, वणव्यांना आळा घातला गेला आणि उद्यानातील गावे हलविण्यात आली. ओसाड गावठाणे व शेते पुढे कुरणे बनली. बैगा व गोंड कुटुंबांना त्यासाठी आपली वस्ती सोडावी लागली, ही या यशाची किंमत विसरता येत नाही. कळप वाढले आणि २०१५ मध्ये काही बाराशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेता आले.

म्हणून उन्हाळ्यात तळ्याकाठी बाराशिंगा दिसला, तर पाहणाऱ्याने केवळ पाण्याचा विचार करू नये. त्याला वाचविले ते पावसाळ्यातील उंच गवताने.