पेनड्राइव्ह लावला, पण दिसत का नाही?

समजा, तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरच्या एखाद्या शाळेत शिकता. विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पाची सारी माहिती पेनड्राइव्हमध्ये आहे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकास तो लावला, पण पडद्यावर काहीच दिसेना. तो टाकून देण्याची किंवा फॉरमॅट करण्याची घाई करू नका, माहिती जाईल. चालू संगणकाला नवे उपकरण कळते कसे, ते आधी पाहू.

यूएसबी २.० मध्ये चार तारा असतात : दोन विजेसाठी, दोन माहितीसाठी. संगणकाच्या बाजूस माहितीची प्रत्येक तार १५ किलोओहमच्या रोधातून शून्य विभवाला जोडलेली असते. पेनड्राइव्हमधील १.५ किलोओहमचा रोध त्यांपैकी एका तारेला ३.३ व्होल्टशी जोडतो. एकूण रोध १६.५ किलोओहम झाला. ओहमच्या नियमाने प्रवाह ०.२ मिलिअँपिअर, म्हणून १५ किलोओहमवर विभवांतर ३ व्होल्ट. तार शून्यावरून तीन व्होल्टवर गेली, की संगणकाला पाहुणा आल्याचे कळते!

मग तो उपकरणास १ ते १२७ पैकी एक क्रमांक देतो व त्याची ओळख विचारतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, ही वर्दी 'यूडेव्ह' या प्रोग्रॅमला देतो आणि योग्य ड्रायव्हर कामाला लागतो.

आता दोष याच क्रमाने शोधा.

१. पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावून पाहा. दिवा लागला म्हणजे वीज पोचली. माहितीच्या तारा जुळल्या, असे नव्हे. मोबाइल जोडत असाल तर केबल बदला. केवळ चार्जिंगच्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतात.

२. शिक्षकांच्या देखरेखीखाली टर्मिनलवर डी-एम-ई-एस-जी ही अक्षरे लहान लिपीत टंकून कर्नेलच्या नोंदी वाचा. पेनड्राइव्ह लावल्यावर नवी ओळ आलीच नाही, तर दोष बहुधा खाचेत, जोडणीत किंवा उपकरणात आहे.

३. एल-एस-यू-एस-बी या आज्ञेने उपकरणांची यादी मिळते, एल-एस-बी-एल-के ने डिस्कची. पहिल्या यादीत आहे, दुसरीत नाही, तर ड्रायव्हर तपासा किंवा पेनड्राइव्हच्या आतील दोषाची शंका घ्या. दोन्हींत असेल, तर तो फक्त उघडायचा, म्हणजे माउंट करायचा, राहिला आहे. उघडताच प्रथम माहितीची प्रत काढा.

आता हे गणित करून पाहा : पेनड्राइव्हमधील रोध १.५ ऐवजी १५ किलोओहम असता, तर तारेवर किती व्होल्ट मिळाले असते? उत्तर १.६५. संगणक निदान २ व्होल्टची अपेक्षा करतो. म्हणजे पाहुणा दारात उभा असूनही त्याची खात्रीने दखल घेतली गेली नसती.