लहान कुत्रे, गोचिडी आणि घराची भिंत

गावठी कुत्रे अंगणात राहते, मिळेल ते खाते आणि ऊन-पावसात आपला निभाव लावते. अलीकडच्या काळात त्याच्या जोडीला खेड्यापाड्यांतील घरांतूनही लहान जातीची, दाट केसांची कुत्री दिसू लागली आहेत. ‘पॉमेरेनियन’ या नावाने विकले जाणारे, परंतु बहुधा इंडियन स्पिट्झ जातीचे असलेले पांढरे कुत्रे हे त्यांतील सर्वांत परिचित. हे कुत्रे माजघरात वावरते आणि मुलांच्या अंथरुणाशी निजते. गोचिडी मात्र दोघांनाही सारख्याच लागतात. फरक पडतो तो परिणामांत.

कुत्र्याच्या शरीरातील रक्त त्याच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के असते. ३० किलोच्या कुत्र्याच्या अंगात सुमारे अडीच लिटर रक्त असते, तर ३ किलोच्या कुत्र्याच्या अंगात जेमतेम पाव लिटर. मोठ्या कुत्र्यास पन्नास गोचिडींचा उपद्रव होतो. लहान कुत्र्यास, विशेषतः पिलास, तेवढ्याच गोचिडी केवळ रक्तशोषणाने मरणाच्या दारी नेऊ शकतात. औषधाच्या मात्रेचेही तसेच आहे, त्याचा विचार पुढे येईल.

आपल्याकडे घरच्या कुत्र्यावर आढळते ती प्रामुख्याने तपकिरी गोचीड. रक्त पिऊन तट्ट फुगलेली मादी करडी होते व एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिन भाषेत एरंड आणि गोचीड या दोहोंस ‘रिसिनस’ हा एकच शब्द आहे, यावरून हे साम्य किती जुन्या काळी लोकांच्या ध्यानात आले असेल ते कळते. या गोचिडीचा जीवनक्रम समजून घेतल्यावाचून तिचा बंदोबस्त होत नाही. पुष्कळ घरांतून सर्व प्रयत्न फसतात ते याच एका अज्ञानामुळे.

पोट भरलेली मादी कुत्र्याच्या अंगावर राहत नाही. ती खाली उतरते, भिंतीवर चढू लागते आणि एखाद्या फटीत शिरून अंडी घालते. एका मादीची अंडी चार हजारांपर्यंत असू शकतात. त्यांतून काही आठवड्यांनी सहा पायांची, खसखशीच्या दाण्याहूनही लहान पिले निघतात. ती कुत्र्यावर चढतात, थोडे दिवस रक्त पितात आणि पुन्हा उतरून फटीत जातात. तेथे कात टाकून आठ पायांची होतात, पुन्हा कुत्र्यावर चढतात, पुन्हा उतरतात व शेवटी पूर्ण वाढ झालेल्या गोचिडी म्हणून तिसऱ्यांदा येतात. प्रत्येक खेपेस अंगावरचा मुक्काम काही दिवसांचा, फार तर दोन-तीन आठवड्यांचा. उरलेला सारा काळ भिंतीत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यांत जातो. पूर्ण वाढलेली गोचीड काही न खाता वर्षभराहूनही अधिक काळ जगू शकते. घर दोन महिने बंद ठेवले म्हणजे ती मरेल, ही आशा म्हणूनच व्यर्थ होय.

गोव्यातील व कोकणपट्टीतील जांभ्या चिऱ्यांची, गिलावा न केलेली भिंत तर तिला जणू मुद्दाम बांधून दिल्यासारखी असते. चिऱ्याच्या प्रत्येक छिद्रात तिला आसरा मिळतो. हवा वर्षभर उबदार असल्याने तिचा वंशविस्तार कोणत्याही ऋतूत पूर्णपणे थांबत नाही. आज कुत्र्यास धुऊन-पुसून स्वच्छ केले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा गोचिडी दिसल्या, म्हणजे औषध निकामी होते असे नव्हे. भिंतीतील दुसरी तुकडी खाली उतरली, एवढाच त्याचा अर्थ.

रक्तशोषणापेक्षाही भयंकर आहेत ते गोचिडीच्या लाळेतून येणारे रोग. त्यांतील एर्लिकिया हा जंतू रक्तातील पांढऱ्या पेशींत राहतो. १९३५ मध्ये अल्जीरियात दोनात्यें आणि लेस्तोकार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गोचिडी लागलेल्या कुत्र्यांत तो प्रथम ओळखला. दुसरा बबेसिया, हा तांबड्या पेशी फोडतो. त्याची ‘गिब्सनी’ ही जात १९१० मध्ये पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पाहून नोंदविली. म्हणजे हा रोग आपल्या देशाला नवा नाही. नवे आहे ते नाजूक जातीच्या कुत्र्यांचे प्रमाण.

एर्लिकियाची लक्षणे गोचीड चावल्यापासून साधारणतः एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. ताप येतो, खाणे सुटते, डोळे निस्तेज होतात. पोटाच्या केसविरहित भागावर लाल ठिपके उमटतात, क्वचित नाकातून रक्त येते. पुष्कळदा हा ताप आपोआप उतरतो आणि मालक निश्चिंत होतो. येथेच फसगत होते. जंतू शरीरात दबा धरून राहतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनीही, कुत्रे एकाएकी पांढरे पडते. बबेसियात हिरड्या फिकट किंवा पिवळसर होतात आणि लघवी गडद, कधी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. म्हणून आठवड्यातून एकदा कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी पाहण्याची सवय ठेवावी. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत तिचा रंग परत येतो.

यांपैकी एखादे लक्षण दिसताच पशुवैद्यकाकडून रक्ताची तपासणी करवून घ्यावी. निदान वेळीच झाल्यास एर्लिकियावर डॉक्सिसायक्लीन हे औषध गुणकारी आहे. मात्र ते बहुधा चार आठवडे द्यावे लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुत्रे खेळू लागले म्हणून मध्येच थांबविणे घातक ठरते. बबेसियाचे औषध त्याच्या जातीवर अवलंबून असल्याने ते अंदाजाने देता येत नाही. घरातील माणसांच्या तापाच्या गोळ्या कुत्र्यास कदापि देऊ नयेत.

अंगावरील गोचीड काढण्याच्या ज्या रीती रूढ आहेत, त्यांपैकी विडीचा चटका, रॉकेल आणि तंबाखूचे पाणी या तिन्ही त्याज्य आहेत. त्यांनी कातडी पोळते, आणि कुत्रे अंग चाटते म्हणून ते विष त्याच्या पोटात जाते. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीलगत, तोंडाजवळ धरावी, पोट न दाबता सरळ व सावकाश ओढावी आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावी. नखाने चिरडू नये. कुत्र्यालाही ती खाऊ देऊ नये, कारण हिपॅटोझून नावाचा आणखी एक रोग गोचीड चावल्याने नव्हे, तर ती गिळल्याने होतो. शोध घ्यावयाचा तो कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी. दाट केसांच्या कुत्र्यास नुसते पाहून भागत नाही. बोटे कातडीपर्यंत घालून चाचपावे लागते. हे काम रोज व्हावे, कारण बबेसियाचा शिरकाव होण्यास गोचिडीला साधारणतः दोन दिवस चिकटून राहावे लागते. एर्लिकिया मात्र काही तासांतच शिरू शकतो; म्हणून केवळ वेचण्यावर विसंबता येत नाही आणि प्रतिबंधक औषध लागतेच.

औषधाच्या बाबतीत सर्वाधिक अपघात घडतात ते गोठ्यातील बाटलीमुळे. गुरांच्या गोचिडीसाठी आणलेले तीव्र द्रावण अंदाजाने पाण्यात मिसळून लहान कुत्र्यास त्याने न्हाऊ घातले जाते. अमिट्राझसारख्या औषधाने मग कुत्रे गुंगते, झोकांड्या खाते, थंड पडते. पायरेथ्रॉइड वर्गातील औषधाने थरथरते व लाळ गाळते. असे झाल्यास कोमट पाण्याने व साबणाने अंग धुऊन, ती बाटली बरोबर घेऊनच दवाखाना गाठावा. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून तिचा तुकडा देणे हेही चुकीचे आहे. मानेवर टाकावयाचे फिप्रोनिलचे थेंब असोत वा पोटात द्यावयाच्या फ्लुरालानेरसारख्या गोळ्या, त्या वजनाच्या गटांनुसार मिळतात. तेव्हा आधी कुत्र्यास वजनकाट्यावर ठेवावे. किराणा दुकानातील काटाही चालेल! पूर्वी झटके येत असल्यास किंवा पिलू फारच लहान असल्यास ते वैद्यकास आधी सांगावे. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले औषध कुत्र्यासही लावू नये. मांजरास ते प्राणघातक आहे.

यानंतर भिंत. कुत्रे निजते त्या जागेभोवतालच्या भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवून, शक्य तर गिलावा करून घ्यावा. अंथरूण दर आठवड्यास उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवावे. कीटकनाशक फवारावयाचे तर ते भिंतीसाठी मान्य असलेलेच, वेष्टनावरील प्रमाणात घ्यावे, आणि फवारा पूर्ण वाळेपर्यंत मुले, कुत्रे, मांजर व कोंबड्या यांना दूर ठेवावे. केवळ जमिनीवर फवारून उपयोग नाही. मादी वर चढते, म्हणून चौकटी आणि छताजवळचा भागही सोडू नये. एका फवाऱ्याने अंडी मरत नाहीत. तेव्हा वेष्टनावरील सूचनेनुसार तो पुन्हा करावा लागतो आणि अंगावरचे औषध निदान तीन-चार महिने अखंड चालू ठेवावे लागते.

सत्तरी, दोडामार्ग आणि खानापूर या जंगलालगतच्या भागांतील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात उघडकीस आलेला आणि २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात उद्भवलेला माकडताप हाही गोचिडीमुळेच होतो. परंतु त्याची मुख्य वाहक वेगळी, जंगलातील गोचीड आहे. घरच्या तपकिरी गोचिडीच्या भीतीने कुत्रे हाकलून देण्याचे काही कारण नाही. मात्र तपकिरी गोचिडीपासूनही माणसास अंगावर पुरळ उठविणारा टायफस जातीचा ताप होऊ शकतो. गोचिडी काढल्यानंतर काही दिवसांत घरातील कोणास ताप आल्यास ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. शाळेत मुलांना हा विषय शिकविताना शिक्षकांनीही गोचीड हातात धरून दाखवू नये. ती स्पिरिटच्या बाटलीत ठेवून भिंगाखाली दाखविल्यास सहा पायांचे पिलू आणि आठ पायांची मोठी गोचीड यांतील फरक मुलांना मोजून पाहता येतो.