घरचा तंटा आणि परक्याचा तह

(अभ्यासवर्गासाठी पाठ)

वालीवहून पश्चिमेस निघून रेल्वेमार्ग ओलांडावा आणि समुद्राच्या बाजूस पुढे जावे, म्हणजे वसईचा किल्ला लागतो. चिमाजी आप्पांनी १७३९ साली तो पोर्तुगीजांपासून घेतला, ही हकिकत आमच्या भागातील मुलेही सांगतात. परंतु ह्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसरा बाजीराव पेशवा ह्याने इंग्रजांशी तह केला, त्याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. राज्यात पक्ष पडले असता परक्या सत्तेशी कसे वागावे, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे. त्याच वर्षांत अमेरिकेच्या नव्या प्रजासत्ताकापुढेही हाच प्रश्न उभा होता. म्हणून दोन्ही उदाहरणे आपण शेजारी ठेवून पाहू.

१. पुण्याचा तंटा

१७९५ साली खर्ड्याच्या रणांगणावर शिंदे, होळकर व भोसले ह्यांच्या फौजा पेशव्यांच्या बाजूने एकत्र उभ्या होत्या आणि निजामाचा पराभव झाला. त्याच वर्षी सवाई माधवराव वारले व गादीसाठी कारस्थाने सुरू झाली. १८०० साली नाना फडणीस वारले. मग सरदारांस आवरील असा कोणी उरला नाही. साताऱ्यास छत्रपती होते, पण त्यांचा शब्द पुण्यात चालत नव्हता. दौलतराव शिंदे व यशवंतराव होळकर ह्यांचे वैर वाढले. बाजीरावाने शिंद्यांचा पक्ष धरला आणि १८०१ साली यशवंतरावाचा भाऊ विठोजी ह्यास पुण्यात हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतरावाने पुण्याजवळ पेशवे व शिंदे ह्यांच्या फौजांचा मोड केला. बाजीरावाने परत यावे म्हणून त्याने निरोप धाडले; परंतु भ्यालेला बाजीराव कोकणात उतरला आणि समुद्रमार्गाने वसईस आला.

२. तहाची कलमे

इंग्रजांचे निदान सहा हजार पायदळ पेशव्याच्या राज्यात कायम राहावे; त्याच्या खर्चासाठी २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा; सुरतेवरील हक्क सोडावा; इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्राचा युरोपियन चाकरीस ठेवू नये; निजाम व गायकवाड ह्यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांचा निवाडा मानावा; आणि त्यांच्या सल्ल्यावाचून इतर राज्यांशी बोलणे करू नये. शेवटचे कलम नीट वाचावे. घरातील वैऱ्यापासून सुटण्यासाठी बाजीरावाने दाराची किल्लीच शेजाऱ्याच्या हाती दिली.

मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेने त्याला पुण्यास आणून बसविले. हा तह शिंदे व भोसले ह्यांस विचारून झाला नव्हता. ते लढावयास उठले तेव्हा होळकर अलग राहिला. असई व अडगाव येथे त्यांचा मोड झाला. पुढल्या वर्षी होळकर लढला तेव्हा ते दोघे तह करून बसले होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव आठ लक्षांची नेमणूक घेऊन बिठूरास गेला.

३. अमेरिकेतील पक्ष

अमेरिकेत भांडण नव्हते असे कोणी समजू नये. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले. त्यांच्याच मंत्रिमंडळात हॅमिल्टन ह्यांचा ओढा इंग्लंडच्या व्यापाराकडे, तर जेफर्सन ह्यांचा फ्रान्सकडे होता. १७९३ साली त्या दोन राष्ट्रांत युद्ध पेटले. वॉशिंग्टन ह्यांनी तटस्थतेचा जाहीरनामा काढला. १७९४ साली जॉन जे ह्यांनी इंग्लंडशी तह केला तेव्हा लोकांनी त्यांचे पुतळे जाळले. सेनेटात तो २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे लागतील तेवढ्याच मतांनी, संमत झाला. पद सोडताना १७९६ साली वॉशिंग्टन ह्यांनी दोन गोष्टींविषयी राष्ट्रास सावध केले: पक्षद्वेष आणि परराष्ट्रांशी कायमचे बंधन.

१८०० सालच्या निवडणुकीत जेफर्सन व बर ह्यांस प्रत्येकी ७३ मते पडली. प्रतिनिधिगृहात छत्तीस वेळा मतदान झाले तेव्हा जेफर्सन निवडले गेले. ४ मार्च १८०१ रोजी पराभूत पक्षाने सत्ता सोडली. तलवार उपसली गेली नाही, आणि इंग्रजांची वा फ्रेंचांची फौजही कोणी बोलाविली नाही.

४. भेद कोठे आहे?

अमेरिकनांनीही १७७८ साली फ्रान्सशी तह करून त्याची मदत घेतली होती, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. परंतु ती मदत बाहेरच्या सत्तेविरुद्ध होती. स्वकीय प्रतिपक्षास चिरडण्यासाठी नव्हती. तसेच अमेरिकेस निर्दोष म्हणणे योग्य नाही: तेथे लक्षावधी माणसे गुलाम होती, आणि १७९८ साली सरकारवर टीका करणाऱ्यांस तुरुंगात घालणारा कायदाही झाला. तरी तेथे तंटा नेण्याची एक जागा होती. घटना, सभागृह आणि ठरलेल्या मुदतीची निवडणूक ही ती जागा होय. हरलेल्यास चार वर्षांनी पुन्हा उभे राहता येत होते. म्हणून त्याला परक्याच्या छावणीत पळावे लागले नाही. पुण्यात हरलेल्यापुढे हत्तीचा पाय किंवा वसईचा रस्ता, एवढेच उरले होते.

म्हणून केवळ फुटीने राज्य बुडाले असे म्हणणे अपुरे आहे. मतभेद जिवंत लोकांत असणारच. ज्या घरात हरलेल्यास जागा राहत नाही, त्या घराचे दार तो आतून उघडतो. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो वा मंडळी असो, आपल्या प्रतिपक्षास बोलावयास आसन आहे की नाही, हे प्रत्येकाने पाहावे. आणि गावचा वाद जिंकण्यासाठी बाहेरचा बलवान आणण्यापूर्वी त्याची कलमे शेवटपर्यंत वाचावी.

विचारार्थ प्रश्न

१. खर्ड्यास एकत्र असलेले सरदार सात वर्षांत परस्परांचे वैरी कसे झाले?
२. वसईच्या तहातील कोणत्या कलमाने पेशव्याचे स्वातंत्र्य सर्वांत अधिक गेले?
३. आपल्या गावी हरलेल्या पक्षास मान राखून परत येण्याची वाट आहे काय?